रिकामा राहिलेला रकाना : गाडगीळ अहवाल संशोधक म्हणून वाचताना

मागच्या महिन्यात गुलमंडीत झेरॉक्सच्या दुकानासमोर पेटची तयारी करणारी तीन मुलं भेटली. एकाच्या सिनॉप्सिसचा विषय होता खाणकाम आणि गावांचे जमीनहक्क. त्याने विचारलं, "दादा, गाडगीळ अहवाल कडक आणि कस्तुरीरंगन अहवाल सौम्य, अशी तुलना केली तर चालेल का?" मी म्हटलं, चालेल, पण हे वर्तमानपत्रात दहा वर्षांपूर्वीच येऊन गेलंय, त्यात तुझं काय? तो गप्प झाला. मला मात्र घरी येईपर्यंत चुटपुट लागली, कारण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी यापेक्षा वाईट वाक्य लिहिलं होतं: "सदर अहवाल शास्त्रीय कमी व राजकीय जास्त आहे." गाइडनी कागद परत दिला तेव्हा समासात एवढंच होतं: पूर्ण वाचलात का?

नव्हता वाचला. सारांश वाचला होता. नंतर दोन्ही भाग वाचायला तीन आठवडे लागले. ते वाचून जे मत झालं ते आज तुमच्यासमोर ठेवतोय. तुम्ही विज्ञान शाखेचे असा की समाजशास्त्राचे, या अहवालात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्याच्या चुकांतून तर जास्तच.

आधी थोडक्यात ओळख

मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ समिती नेमली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे, तसंच गोव्यातल्या खाणींचा प्रश्न, हे समितीकडे मुद्दाम सोपवलेलं काम होतं. ऑगस्ट २०११ च्या अखेरीस अहवाल सादर झाला आणि दाबून ठेवला गेला. माहिती अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने तो उघड करायला सांगितला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं. शेवटी २३ मे २०१२ ला अहवाल लोकांना दिसला.

समितीने घाटाचे साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे सुमारे २,२०० चौकोन पाडले. प्रत्येकाला गुण दिले आणि त्यावरून संवेदनशीलतेचे तीन स्तर ठरवले. पहिल्या दोन स्तरांत नवीन खाणींना परवानगी नको आणि पहिल्या स्तरातल्या चालू खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात, अशी शिफारस केली. कंपन्या आणि राज्य सरकारं कशामुळे बिथरली हे वेगळं सांगायला नको.

भांडण नक्की कशाचं?

अहवालाकडे वळण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. "जमीनहक्क" हा शब्द आपण सिनॉप्सिसमध्ये सहज लिहितो. खाणीच्या बाबतीत तो शब्द फसवा आहे.

तुमच्या घरचा सातबारा काढून बघा. त्यावर नाव आहे, गट नंबर आहे, हेक्टर-आर आहे, पीक आहे. खोली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार जमिनीखालच्या खनिजावर मालकी शासनाची. म्हणजे शेतकरी वरच्या मातीचा मालक, आणि तिच्याच पोटातल्या लोहखनिजाचा पट्टा शासन दुसऱ्या कुणाला तरी देऊ शकतं. कंपनीला मग शेतकऱ्याशी फक्त "पृष्ठभागाचा" व्यवहार करायचा असतो.

कोकणात आणखी एक पेच आहे. एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस नावं असतात. निम्मी माणसं मुंबईला. त्यातल्या एकाने आपला अविभाज्य हिस्सा विकला की खरेदीदार सगळ्यांच्या जमिनीत भागीदार होऊन बसतो.

गोव्यातला प्रकार अजून जुना. तिथल्या खाणींचं मूळ पोर्तुगीज काळातल्या सवलतींत आहे. १९६१ नंतरही त्या चालू राहिल्या आणि १९८७ च्या कायद्याने त्यांना खाणपट्टे मानलं गेलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये सांगितलं की या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. त्यानंतरही राज्याने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, आणि ते न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केलं. ज्या डोंगराखाली आपली भातशेती आहे त्या डोंगराचा कागद लिस्बनच्या राजवटीत झालाय, हे गावातल्या माणसाला कळणार कसं?

आता विज्ञानाचा भाग. कोकण-गोव्यातला सडा म्हणजे जांभ्याचं पठार. वरून ओसाड दिसतं, पण जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. वाडीची विहीर, पाट, कुळागर, सगळं त्या झऱ्यावर. खाणीचा खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की तो कोरडा ठेवायला रात्रंदिवस पंप लावावे लागतात. आजूबाजूच्या विहिरी उतरतात, आणि उपसलेलं लाल पाणी ओढ्याने भाताच्या खाचरांत जातं.

ज्या शेतकऱ्याचं खाचर भरलं त्याने कंपनीला एक गुंठाही विकलेला नसतो. त्याचा सातबारा जसाच्या तसा असतो. तो कुठल्याच यादीत प्रकल्पग्रस्त नसतो. बाकी भांडणांत निदान दोन पक्ष तरी असतात. इथे एका पक्षाची कागदावर नोंदच नाही. माझ्या मते खाण आणि गाव यांच्यातल्या वादाचा गाभा हा आहे.

अहवालाचं बळ

गाडगीळ समितीला हा गाभा दिसला होता, हे तिचं मोठेपण. ती गावांत गेली. सिंधुदुर्गातल्या अनेक ग्रामपंचायतींनी आपलं गाव संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा अशी मागणी केली, आणि समितीने ती अहवालात नोंदवली. याचा अर्थ लक्षात घ्या. "गावकऱ्यांना विकास नको, पर्यावरणवाद्यांनी भडकवलंय" असं नेहमी सांगितलं जातं. इथे गावं स्वतःहून बंधन मागत होती, कारण खाणीपासून वाचायला त्यांच्या हातात दुसरं साधन नव्हतं.

गोव्यातल्या केपे तालुक्यातल्या कावरे गावचं उदाहरणही गाडगीळांनी मांडलंय. वेळीप समाजाच्या पवित्र डोंगरावर गावाचा कडाडून विरोध असताना खाण मंजूर झाली. वेळीप समाजाला २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला खरा, पण गोव्यात पाचव्या अनुसूचीचं क्षेत्रच नाही. त्यामुळे पेसा कायदा तिथे लागू होत नाही.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अहवालांवर समितीने ठेवलेला ठपका तर प्रत्येक संशोधकाने वाचावा. ज्या कंपनीला खाण हवी, तिनेच पैसे देऊन नेमलेली सल्लागार संस्था तो अहवाल बनवते. असं मूल्यांकन तटस्थ कसं राहील? तुम्ही जेव्हा असा अहवाल "दुय्यम माहितीस्रोत" म्हणून वापराल तेव्हा पहिल्या पानावर त्याचे पैसे कुणी दिले ते बघा आणि तुमच्या प्रबंधात लिहा.

आणि तरीही तो कुठे मोडतो

समितीने काम सुरू असतानाच, २०११ च्या सुरुवातीला, आपली पद्धत 'करंट सायन्स' या जर्नलमध्ये प्रसिद्ध केली होती. ही पारदर्शकता आपल्याकडे दुर्मीळच. त्या पद्धतीत तीन प्रकारचे निकष होते: जैविक, भू-हवामानविषयक आणि तिसरा, संबंधित लोक त्या जागेला काय किंमत देतात हा. म्हणजे रकाना आखलेला होता.

प्रत्यक्ष गुण देताना मात्र जे आकडे सगळीकडे एकसारखे मिळत होते तेच वापरले गेले: स्थानिक प्रजाती, जंगलाचं प्रमाण, उंची, उतार. तिसरा रकाना गुणतक्त्यात आलाच नाही. ग्रामपंचायतींचे ठराव अहवालाच्या मजकुरात आहेत, गुणांत नाहीत. ज्या गावाने ठराव केला आणि ज्याने केला नाही, त्या दोघांचे चौकोन उंची-उतारावरच मोजले गेले.

समितीचं यावर उत्तर आहे, आणि ते मी लपवणार नाही. तिने स्वच्छ म्हटलंय की ही आखणी तात्पुरती आहे, अंतिम सीमा ग्रामसभांपासून वर येत ठरल्या पाहिजेत. गोव्याच्या प्रादेशिक आराखडा २०२१ च्या वेळी ग्रामसभांशी झालेल्या चर्चेचं उदाहरणही दिलंय. वेळ कमी होता हेही खरं. तरी माझी तक्रार शिल्लक राहते. नकाशा छापला की तोच अहवाल होतो. शेकडो पानं कुणी वाचत नाही, रंगीत चौकोन सगळे बघतात. "हे तात्पुरतं आहे" हे वाक्य नकाशावर दिसत नाही. ज्या अहवालाचा आत्मा "वरून लादू नका" हा होता, त्याच्याच नकाशाकडे बोट दाखवून पुढारी गावोगाव सांगू शकले की बघा, हे वरून लादलंय, उद्या तुम्हाला घर बांधता येणार नाही.

दुसरी उणीव "स्थानिक लोक" या शब्दातली. अहवाल वाचताना वाटतं, गाव म्हणजे एक आवाज. तसं कुठे असतं? गोव्यात खाणी बंद झाल्या तेव्हा रस्त्यावर उतरलेले ट्रकमालकही गावचेच होते. कर्ज काढून ट्रक घेतलेला मुलगा आणि खाचरात लाल गाळ आलेला त्याचा चुलता एकाच वाडीत राहतात. जमीन कसणारं कूळ, मुंबईकर हिस्सेदार, पाणी भरणारी बाई, भूमिहीन मजूर, या सगळ्यांचं ग्रामसभेत सारखं चालत नाही. ग्रामसभेवर भार टाकायचा तर ग्रामसभा आतून कशी चालते याचा अभ्यास हवा होता. तो अहवालात पुरेसा नाही. तुमच्यासाठी मात्र हा सोन्यासारखा रिसर्च गॅप आहे.

तिसरी उणीव भाषेची. लोकांना निर्णयाचा अधिकार द्या म्हणणारा अहवाल इंग्रजीत आला. मराठीत लोकांपर्यंत जो सारांश पोचवला गेला त्यात विपर्यास असल्याची तक्रार खुद्द गाडगीळांनी जाहीरपणे केली. ती तक्रार रास्तच आहे. पण मूळ अहवालासोबत समितीचाच अधिकृत मराठी, कोकणी, कन्नड, मल्याळी मजकूर असता तर विपर्यासाला एवढी जागा राहिली नसती. भाषांतर हे काम संपल्यावरचं काम आहे असं आपण समजतो. इथे तो पद्धतीचाच भाग होता.

रिकाम्या रकान्याची किंमत

ऑगस्ट २०१२ मध्ये दुसरा गट नेमला गेला, के. कस्तुरीरंगन यांचा. एप्रिल २०१३ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याने उपग्रहचित्रांवरून "नैसर्गिक" आणि "सांस्कृतिक" असे भूभाग वेगळे केले आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग, म्हणजे ६० हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, संवेदनशील ठरवला. एकक गाव धरलं आणि त्या क्षेत्रात खाणींवर पूर्ण बंदी सुचवली. त्यामुळे "सौम्य" हे विशेषण सरसकट लागू होत नाही. प्रकल्पांना ग्रामसभेची पूर्वसंमती हवी, असंही या गटाने म्हटलंय.

पण रेषा कुठून जाणार हे उपग्रहाने ठरवलं. जिथे माणसाने झाडं लावली, शेती केली, ती जमीन "सांस्कृतिक" होऊन बाहेर पडली. परिणाम काय? सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका यादीबाहेर राहिला. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा म्हणजे खाणीविरोधात सगळ्यात जास्त झगडलेली गावं. कळण्याची खाण याच तालुक्यात; जुलै २०२१ मध्ये तिथल्या खाणीतलं पाणी बांध फुटून गावात घुसलं. गावं वर्षानुवर्षं संरक्षण मागत राहिली, आणि काजूच्या बागांमुळे उपग्रहाला ती संरक्षणायोग्य दिसली नाहीत. शेवटी न्यायालयात जावं लागलं. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातली २५ गावं संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची कार्यवाही चार महिन्यांत करायला सांगितलं. केंद्राची पश्चिम घाटाची अधिसूचना मात्र २०१४ पासून मसुद्यावर मसुदे काढत होती. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा.

पहिल्या समितीने ठरावांना गुण दिले असते, एकक बनवलं असतं, तर दुसऱ्या गटाला ते पुसताना निदान कारण द्यावं लागलं असतं. मजकुरातली गोष्ट गाळायला काही लागत नाही. तक्त्यातला आकडा गाळायला स्पष्टीकरण लागतं. या अहवालाबद्दलचं माझं मुख्य म्हणणं हेच.

रकाना असला की काय होतं याचं उदाहरण देशात आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभांनाच विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या, आणि खाण थांबली. तिथे ग्रामसभेचा ठराव हा पुरावा होता, भावना नव्हती.

आपल्याच राज्यात गडचिरोली पाचव्या अनुसूचीत आहे, तिथे पेसा लागू आहे. पण पेसाचं कलम नीट वाचा. खाणपट्ट्याआधी ग्रामसभेची शिफारस बंधनकारक आहे ती गौण खनिजासाठी. म्हणजे वाळू-मुरमाला ग्रामसभा लागते, लोहखनिजाला ती अट नाही. एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर स्थानिक माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचा. तिथल्या लोहखाणीची क्षमता वाढवण्याची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोली शहरात, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. सुनावणी झाली, इतिवृत्तही झालं. पण जायला एक दिवस, यायला एक दिवस आणि दोन दिवसांची मजुरी बुडवून कोण पोचलं असेल, यासाठी इतिवृत्तात रकाना नसतो.

माझ्या फॉर्मबद्दल

दुसऱ्यांच्या चुका काढतोय, तर माझीही सांगतो. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी शहराबाहेरच्या एका गावात दगडखाणी आणि खडी क्रशरच्या आसपासच्या विहिरी मोजल्या होत्या. पावसाळ्याआधी आणि नंतर, टेप सोडून. सोबत एक फॉर्म: विहिरीची खोली, खाणीपासून अंतर, मालकी स्वतःची की सामायिक. एका आजींनी मला विचारलं, "इहीर माझी हाय बाबा, पण पाणी त्या टेकडीतून येतं. टेकडी कुणाची लिहिली तू?" मी हसलो आणि पुढच्या विहिरीकडे गेलो. फॉर्ममध्ये लिहायला जागाच नव्हती. मला चांगले मार्क पडले.

तीन वर्षांनी गाडगीळ अहवाल पूर्ण वाचला तेव्हा त्या आजी आठवल्या. त्यांचा प्रश्न माझ्या सगळ्या मोजमापापेक्षा नेमका होता, आणि माझ्या विदेत तो कुठेच नाही. पुन्हा गेलो तेव्हा टेकडीचा निम्मा भाग गेलेला होता. आजीही नव्हत्या.

तेव्हा तुम्ही या विषयावर काम करणार असाल तर कुठलाही अहवाल, पेपर किंवा स्वतःचा फॉर्म हातात घेतल्यावर हे चार प्रश्न विचारा:

१. एकक कोणतं आणि ते कुणी ठरवलं? चौकोन, तालुका, गाव, वाडी की झऱ्याचं पाणलोट?

२. लोकांचं म्हणणं मजकुरात आहे की मोजणीत? ते काढून टाकलं तर निष्कर्ष बदलतो का? बदलत नसेल तर ते फक्त सजावटीला ठेवलंय.

३. "स्थानिक" म्हणजे कोण कोण? ट्रकवाला त्यात आहे का, कूळ आहे का, पाणी भरणारी बाई आहे का?

४. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना ते त्यांच्या भाषेत वाचता येतं का?

गाडगीळ अहवालाला हे चार प्रश्न लावले तर तो दोनात अडखळतो, एकात नापास होतो, आणि तरीही या विषयावर आपल्याकडे झालेल्या कामांत मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आपली पद्धत आधी छापली, म्हणून तर आज मला त्याची चूक दाखवता येतेय. ज्याने काहीच उघड केलं नाही त्याच्यावर टीका तरी कशी करणार?

त्या मुलाचा परवा फोन आला होता. विषय बदललाय म्हणाला: एकाच वाडीतल्या खातेदारांनी, कुळांनी आणि बायकांनी खाणीच्या ठरावावर ग्रामसभेत काय म्हटलं आणि त्यातलं इतिवृत्तात काय उतरलं. सिनॉप्सिस अजून गाइडकडे गेलेला नाही. मी त्याला म्हटलं, फॉर्म बनवशील तेव्हा शेवटी एक रकाना कोरा ठेव, आणि तो भरल्याशिवाय त्या घरातून उठू नकोस.